वॅगन की एसयूव्ही? देहूरोडच्या कुटुंबाला गाडी केवढ्याला पडते

शोरूमला जाण्याआधी घरीच तीन आकडे कागदावर लिहा. एरवीच्या दिवशी गाडीत किती जण बसणार. महिन्याला किती किलोमीटर होणार. आणि रात्री गाडी जिथे उभी राहणार त्या जागेची रुंदी किती, तीही टेप लावून मोजलेली. हे आकडे खिशात नसले तर सेल्समन सनरूफपासून सुरुवात करतो, आणि तुम्ही सनरूफवरच गाडी ठरवून घरी येता.

बाजारात काय आहे ते आधी समजून घ्या. लांब छपराची, बुटकी, मागे भरपूर सामान घेणारी खरी स्टेशन वॅगन परवडणाऱ्या भावात आज नवी मिळत नाही. टाटा इस्टेट, बलेनो अल्टुरा, इंडिगो मरीना, ऑक्टाव्हिया कॉम्बी येऊन गेल्या, टिकल्या नाहीत. त्यामुळे तुमच्यासाठी वॅगन म्हणजे दोनपैकी एक: उंच छपराची वॅगनआर, नाहीतर तीन रांगांची अर्टिगा, ट्रायबर, कॅरेन्स यांच्यापैकी कुठली तरी. समोरच्या बाजूला पंच, नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, थ्रीएक्सओ या छोट्या एसयूव्ही, आणि त्यांच्या वर बोलेरो, स्कॉर्पिओ-एन. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी झाल्यावर कंपन्यांनी जाहीर केलेल्या सुरुवातीच्या एक्स-शोरूम किमती अशा होत्या: वॅगनआर ५ लाखांच्या आसपास, पंच साडेपाच, ट्रायबर पावणेसहा, नेक्सॉन सव्वासात, ब्रेझा सव्वाआठ, अर्टिगा पावणेनऊच्या पुढे. या सगळ्या सर्वांत साध्या मॉडेलच्या किमती. तुम्ही घेणार ते मॉडेल यात दीड-दोन लाख सहज वाढवतं.

रोज किती जण, कधीतरी किती जण

देहूरोडहून रोजची धाव बहुतेकांची ठरलेली असते. निगडी, चिंचवड, तळेगाव, फार तर हिंजवडी. रविवारी लोणावळा किंवा पवना धरण. गाडीत चौघं, आजी आल्या तर पाच. एवढ्यासाठी सात सीट लागत नाहीत. वर्षातून दोनदा गावाला सातजण जातात म्हणून बाराही महिने मोठ्या गाडीचा हप्ता आणि पेट्रोल भरायचं, हा हिशेब बसत नाही. त्या दोन वेळा ड्रायव्हरसकट अर्टिगा भाड्याने घ्या, तरी स्वस्तच पडेल.

घरात खरोखर सहा-सातजण नेहमी एकत्र फिरत असतील तर गोष्ट वेगळी. मग तिसरी रांग शोरूममध्ये स्वतः बसून बघा, आणि तुमच्यापुढे दुसऱ्या रांगेत घरातला सगळ्यांत उंच माणूस बसवा. तिन्ही रांगा उघड्या असताना अर्टिगाची डिकी २०९ लिटरची उरते, ट्रायबरची ८४. चौऱ्याऐंशी लिटर म्हणजे भाजीच्या दोन-तीन पिशव्या. सात माणसं आणि सात बॅगा एकत्र जाणार नाहीत, हे आधीच धरून चाला. ट्रायबरची मागची सीट काढून ठेवता येते, तेव्हा तीच डिकी ६२५ लिटरची होते. पाच माणसं आणि लग्नाचं सामान न्यायला ही सोय फार उपयोगी.

मोठी दिसणारी गाडी जास्त सामान घेते, हाही भ्रम. पेट्रोल वॅगनआरची डिकी ३४१ लिटरची आहे. तिच्यापेक्षा कितीतरी महाग ब्रेझाची ३२८. पंचची ३६६, नेक्सॉनची ३८२.

आजी-आजोबांना शोरूममध्ये घेऊन जा, आणि त्यांना स्वतः दार उघडून बसू द्या. वॅगनआर, अर्टिगा यांची सीट कमरेच्या उंचीला येते. फार न वाकता, न चढता, माणूस सरळ बसतो. बोलेरो किंवा स्कॉर्पिओ-एनमध्ये चढावं लागतं, आणि मग पायरी बसवून घ्या म्हणून ॲक्सेसरीचं बिल वाढतं. बोलेरोच्या मागच्या, एकमेकांकडे तोंड करून बसायच्या बाकड्यांवर मुलांना बसवून लांबचा प्रवास करू नका. धडक झाली तर ती जागा सगळ्यांत वाईट.

पार्किंगची टेप

विकासनगर, किवळे, मामुर्डीच्या गल्ल्यांत राहत असाल तर हा मुद्दा किमतीइतकाच मोठा आहे. वॅगनआरची रुंदी १,६२० मिलिमीटर, अर्टिगाची १,७३५, ब्रेझाची १,७९०, नेक्सॉनची १,८०४, स्कॉर्पिओ-एनची १,९१७. पहिल्या आणि शेवटच्या गाडीत जवळजवळ फुटाचा फरक आहे. आरसे यात धरलेले नाहीत. दार उघडून उतरायला निदान एका बाजूला दोन फूट मोकळे हवेत.

किवळे-रावेतच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅट असेल आणि पार्किंग यांत्रिक असेल, म्हणजे एकावर एक गाड्या उचलणारं, तर सोसायटीच्या कार्यालयातून त्या ट्रेची कमाल उंची, रुंदी आणि वजन लेखी घ्या. अनेक ट्रे सेडान आणि हॅचबॅकच्या मापाने बनवलेले असतात. बुकिंगचे पैसे भरल्यावर हे कळलं तर एसयूव्ही रस्त्यावर उभी राहील आणि देखभाल खर्च मात्र पार्किंगचाही द्यावा लागेल.

रस्त्याला उंच गाडी हवीच का?

जुना हायवे, एक्सप्रेसवे, लोणावळा, कार्ला, पवनानगर, देहूगाव. या सगळ्या ठिकाणी पक्क्या रस्त्याने कुठलीही गाडी जाते. खंडाळ्याच्या घाटाला एसयूव्ही लागत नाही. लागतं ते दुसऱ्या गिअरमध्ये खेचणारं इंजिन आणि चांगले ब्रेक. पाच माणसं भरून चढायचं असेल तर वॅगनआरचं १,१९७ सीसीचं इंजिन घ्या, ९९८ सीसीचं नको.

उंचीचा फरक मात्र खरा आहे. वॅगनआर जमिनीपासून १६५ मिलिमीटर, पंच १८७, नेक्सॉन २०८. पूर्ण भरलेली वॅगनआर उंच गतिरोधकावर घासू शकते. तुमचं गाव आंदर मावळात टाकव्याच्या पुढे असेल, शेतापर्यंत कच्चा रस्ता असेल, पावसाळ्यात दर आठवड्याला जाणं असेल, तर छोट्या एसयूव्हीचे जादा पैसे वसूल होतात. वर्षातून एकदा भुशी डॅमला जाणाऱ्याचे होत नाहीत. तिथे पावसाळी शनिवार-रविवारी गाडी तासन्‌तास पहिल्या गिअरमध्येच असते, मग ती कितीही उंच असो.

आणि एक गैरसमज. ब्रेझा, नेक्सॉन, पंच, व्हेन्यू या सगळ्या पुढच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाड्या आहेत. एसयूव्ही लिहिलंय म्हणून चारही चाकं ओढतील असं नाही. राजमाचीच्या वाटेवर चिखलात या गाड्या वॅगनआरइतक्याच हतबल होतात.

खरा फरक: सीसी आणि लांबी

इथे नीट वाचा, कारण सगळ्यांत जास्त पैसे इथेच वाचतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि बाकीच्यांवर ४० टक्के. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल किंवा सीएनजी असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंत. गाडी एसयूव्ही आहे की वॅगन, हे यात कुठेच येत नाही. म्हणून नेक्सॉन, पंच, व्हेन्यू, थ्रीएक्सओ १८ टक्क्यांत बसतात. १,४९३ सीसीची डिझेल बोलेरोसुद्धा. ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही तिचं पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत. अर्टिगा लांबीनेही आणि इंजिननेही ४० टक्क्यांत. ट्रायबर सात सीटांची असून १८ टक्क्यांत. कुठलीही गाडी बघताना आधी हे दोन आकडे विचारा.

हा कर एक्स-शोरूम किमतीतच असतो. वेगळा दिसत नाही, म्हणून लोक विसरतात. दिसतो तो आरटीओचा कर. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीवर १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२, त्यावर १३. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४, १५. सीएनजीला जुलै २०२५ च्या वाढीनंतर ८, ९, १०. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर थेट २० टक्के, तेव्हा ‘कंपनीच्या नावावर घ्या, टॅक्स वाचेल’ असं कुणी सांगितलं तर आधी सीएला विचारा.

दहा लाखांच्या उंबऱ्यापाशी सावध राहा. ९ लाख ९० हजारांच्या पेट्रोल गाडीचा कर १,०८,९०० रुपये. १० लाख १० हजारांच्या गाडीचा १,२१,२००. वीस हजारांच्या जादा फीचरला १२,३०० रुपये कर लागला. शिवाय दहा लाखांच्या वर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आयकर, कापला जातो. तो तुमचाच पैसा आहे, आयकर विवरणपत्र भरलं की वळता होतो किंवा परत मिळतो, पण आज तो खिशातून जातो. शोरूमने टीसीएस घेतला तर पॅन बरोबर टाकलंय का बघा, नाहीतर ती रक्कम तुमच्या खात्यावर दिसणारच नाही.

विम्यातही सीसीच ठरवतं. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. जून २०२२ च्या दराने १,००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये, १,५०० पर्यंत १०,६४०, त्यावर २४,५९६. वर १८ टक्के जीएसटी.

आता तीन गाड्या समोरासमोर ठेवू. समजा सहा लाखांची ९९८ सीसी पेट्रोल वॅगन: कर ६६,०००, थर्ड पार्टी जीएसटीसह सुमारे ७,७००, नोंदणी ६००, स्मार्ट कार्ड २००, कर्जाची नोंद १,५००. एकूण सुमारे ७६,०००. समजा बारा लाखांची दीड लिटर पेट्रोल एसयूव्ही: कर १,४४,०००, थर्ड पार्टी सुमारे १२,५५०, नोंदणीचे तेच २,३००, टीसीएस १२,०००. एकूण सुमारे १ लाख ७१ हजार. समजा सोळा लाखांची २.२ लिटर डिझेल एसयूव्ही: कर २,२४,०००, थर्ड पार्टी सुमारे २९,०००, नोंदणी २,३००, टीसीएस १६,०००. एकूण सुमारे २ लाख ७१ हजार. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा यात धरलेला नाही, तो वेगळा.

टोलमध्ये मात्र फरक नाही. वॅगनआर असो की स्कॉर्पिओ-एन, कार-जीप-व्हॅन हा एकच गट. एक्सप्रेसवेवर एप्रिल २०२३ च्या दरपत्रकात तो पूर्ण अंतराला ३२० रुपये होता. २०२५ मध्ये तीन हजार रुपयांना सुरू झालेला फास्टॅग वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर चालत नाही. त्या भरवशावर पास घेऊ नका.

कोटेशनमधल्या घुसडलेल्या ओळी

तोंडी भाव ऐकू नका. ऑन-रोड कोटेशन ओळीओळीने छापील मागा. मग पेन घेऊन बसा.

हँडलिंग, लॉजिस्टिक्स, फाइल चार्ज, आरटीओ सर्व्हिस चार्ज: सरकारी नियमात असा कुठलाही आकार नाही. ही ओळ खोडा. सही न करता उठायची तयारी दाखवली की ती बहुतेकदा जाते. इसेन्शियल किट, टेफ्लॉन कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग: ऐच्छिक. ‘पॅकेजमध्येच येतं’ म्हणाले तर पॅकेजशिवाय कोटेशन द्या म्हणा. एक्स्टेंडेड वॉरंटी पहिल्याच दिवशी घ्यायची सक्ती नसते, मूळ वॉरंटी चालू असताना पुढेही घेता येते. मात्र तेव्हाचा दर आधी विचारून ठेवा.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. त्याच आयडीव्हीचे (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचे), त्याच कव्हरचे दोन ऑनलाइन कोटेशन काढून न्या. शोरूमचा आकडा बऱ्याचदा जागेवरच खाली येतो. झिरो डेप्रिसिएशन घ्या. पावसाळ्यात पाण्यातून जाणं असेल तर इंजिन प्रोटेक्टही घ्या, कारण साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून बिघडली तर साधा विमा सहसा हात वर करतो. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर तुमच्याकडे आधीच असेल तर तसं लिहून द्या, ते दुसऱ्यांदा विकत घेऊ नका.

एसयूव्ही घेणाऱ्यांना आग्रहाने विकला जातो तो पुढचा बुलबार. तो बेकायदा आहे. दंड होतो, आणि धडक झाली तर एअरबॅग वेळेवर उघडण्यात अडथळा येऊ शकतो. फुकट दिला तरी नाही म्हणा.

पेट्रोल, सीएनजी, डिझेल

महिन्याला हजार किलोमीटर धरू, म्हणजे वर्षाला १२,०००. हिशेबाला पेट्रोल १०० रुपये, सीएनजी ९० रुपये घ्या. आजच्या दराने तुम्ही बदलून बघा. जाहिरातीतला मायलेज विसरा. वॅगनआर पेट्रोलवर शहर-हायवे मिळून १८ धरली तर वर्षाला सुमारे ६६,७०० रुपये. छोटी टर्बो पेट्रोल एसयूव्ही १३ धरली तर ९२,३००. वर्षाला २५ हजारांचा फरक, पाच वर्षांत सव्वा लाखाच्या वर. टायरही बघा: सोळा-सतरा इंची टायर चौदा इंचीच्या दीड-दोनपट महाग पडतो, आणि ते चार असतात.

सीएनजी वॅगनआर किलोला २६ धरली तर वर्षाला सुमारे ४१,५००. गाडी पेट्रोलपेक्षा साधारण नव्वद हजारांनी महाग, करात दहा-अकरा हजारांची बचत. म्हणजे महिन्याला हजार किलोमीटर असतील तर तीन वर्षांच्या थोडं पुढे पैसे वसूल. पाचशेच असतील तर सहा वर्षांच्या पुढे, मग नको. डिकी टाकीने खाल्ली जाते. टाटाच्या गाड्यांत दोन लहान टाक्या खाली बसवतात, म्हणून नेक्सॉन सीएनजीची डिकी ३२१ लिटर आणि पंचची २१० उरते. टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी सक्तीची. तारीख टाकीच्या पाटीवर असते, जुनी गाडी घेताना तीच आधी वाचा. आणि पंपावरची रांग रोजच्या वेळापत्रकात धरा.

डिझेल एसयूव्हीबद्दल स्पष्ट सांगतो: देहूरोड-निगडी-देहूरोड एवढंच फिरणं असेल तर घेऊ नका. आजच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात डीपीएफ नावाची गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी काही वेळ हायवेच्या वेगाने सलग चालावी लागते. रोजची पाच-सहा किलोमीटरची फेरी ती गाळणी तुंबवते आणि वर्कशॉपचं बिल येतं. दर आठवड्याला मुंबई किंवा सातारा-कोल्हापूर करणाऱ्यानेच डिझेलचा विचार करावा.

विजेवरच्या गाडीला जीएसटी ५ टक्के आणि राज्याची करसवलत आहे. पण स्वतःच्या जागेवर चार्जिंग पॉइंट बसवता येत नसेल तर विचार पुढे ढकला.

सुरक्षेचे तारे

इथे वॅगनवाल्यांची बाजू पडते, आणि ते झाकून उपयोग नाही. ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचणीत वॅगनआरला मोठ्यांसाठी एक तारा मिळाला, मुलांसाठी शून्य. २०२४ मध्ये अर्टिगालाही मोठ्यांसाठी एकच. २०२५ मध्ये दोन्ही गाड्यांत सहा एअरबॅग सर्व मॉडेलना दिल्या गेल्या, ते चांगलंच. पण एअरबॅग वाढल्या म्हणून सांगाडा बदलत नाही. उलट नेक्सॉन, पंच, थ्रीएक्सओ, स्कॉर्पिओ-एन यांना पाच तारे आहेत.

पण म्हणून एसयूव्ही म्हणजे सुरक्षित, असं समजू नका. बोलेरो निओला २०२४ मध्ये एकच तारा मिळाला. तारे बॉडीच्या आकाराला नसतात, त्या त्या मॉडेलला असतात. भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. त्याच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलचं नाव आणि चाचणीचं वर्ष बघा.

माझं मत असं. गाडी निगडी-तळेगावच्या पलीकडे क्वचित जाते, घरात वयस्कर माणसं आहेत, गल्ली अरुंद आहे, तर वॅगनआर पुरते. महिन्यातून दोन-चारदा मुलांना घेऊन एक्सप्रेसवेवर चढत असाल, तर १८ टक्क्यांतली पाच ताऱ्यांची छोटी एसयूव्ही घ्या, सनरूफ सोडून द्या आणि तेच पैसे सुरक्षेत घाला. नेहमी सातजण असतील, तर बारा-सोळा लाखांच्या एसयूव्हीआधी कॅरेन्स आणि अर्टिगा दोन्ही चालवून बघा. कुठलीही घेतलीत तरी मागच्यांनी पट्टा लावायचाच. न लावल्यास हजार रुपये दंड आहे.

कॅन्टीन कार्ड असेल तर

देहूरोडात हे घर-दोन घराआड असतं. सेवेतील जवान-अधिकारी, माजी सैनिक आणि पात्र संरक्षण कर्मचारी यांना सीएसडी म्हणजे लष्करी कॅन्टीन विभागामार्फत गाडी जीएसटीच्या सवलतीत मिळते. मागणी एएफडी पोर्टलवर ऑनलाइन होते, पैसे सीएसडीकडे जातात, शोरूमकडे नाहीत. हुद्द्याप्रमाणे किमतीची आणि इंजिनाची मर्यादा वेगळी असते, आणि दोन गाड्यांमध्ये ठरावीक वर्षांचं अंतर लागतं. आयुध निर्माणीतल्या कर्मचाऱ्यांनी आपली सध्याची पात्रता युनिट कॅन्टीनमध्ये आधी विचारून घ्यावी. प्रत्येक मॉडेल यादीत नसतं. बहुतेकदा पसंतीचा रंग आणि लगेच डिलिव्हरी यांवर पाणी सोडावं लागतं. त्या बदल्यात वाचणारी रक्कम मोठी असते, तेव्हा थांबा. कुणाच्या कार्डावर दुसऱ्यासाठी गाडी घ्यायचा सल्ला कुणी दिला तर सरळ नाही म्हणा.

बदली होत असेल तर बीएच मालिकेचा नंबर मागा. कर पंधरा वर्षांचा एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरता येतो, आणि राज्य बदललं तरी नव्याने नोंदणी नाही. मुदत चुकली तर दिवसाला १०० रुपये दंड चढतो. मोबाइलवर आठवण लावून ठेवा.

कागद, दिवस, कर्ज

पिंपरी-चिंचवड आणि मावळ दोन्ही एमएच-१४ खाली येतात, कार्यालय मोशीला. नव्या गाडीसाठी तुम्हाला तिथे जावं लागत नाही. शोरूम कागद ऑनलाइन पाठवतं. पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो एवढं लागतं. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत भाडेकरार, क्वार्टरमध्ये असाल तर विभागाचं प्रमाणपत्र. आधारवर अजून गावचा पत्ता असेल तर तो आधी बदलून घ्या, नाहीतर नंबर गावच्या जिल्ह्याचा पडेल. कर्जाला तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. कागद पूर्ण असतील तर नंबर साधारण आठवड्याच्या आत येतो; आवडीचा नंबर हवा असेल तर जास्त दिवस धरा. नंबरप्लेट बसल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका, मग पाडव्याचा मुहूर्त असला तरी. मुहूर्त साधायचा असेल तर तीन आठवडे आधी पैसे आणि कागद द्या.

हप्ता लहान दिसावा म्हणून सात वर्षांचं कर्ज गळ्यात मारतात. आठ लाख, ९ टक्के धरा. सात वर्षांचा हप्ता सुमारे १२,९००, एकूण व्याज २ लाख ८१ हजार. पाच वर्षांचा हप्ता सुमारे १६,६००, व्याज १ लाख ९६ हजार. फरक ८५ हजारांचा. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारा आकार मंजुरीपत्रात वाचा. फिक्स्ड दराच्या कर्जावर तो असतोच असं समजून विचारा. शोरूमच्या बँकेआधी तुमचा पगार जिथे जमा होतो त्या बँकेत जा.

डिसेंबरात सूट मिळते ती बहुतेकदा सरत्या वर्षात बनलेल्या गाडीवर. चॅसिस नंबरवरून बनल्याचा महिना-वर्ष तपासा आणि ते बिलावर लिहून घ्या. सूट वीस हजारांची आणि विकताना वर्ष जुनी धरली जाणारी गाडी, असा सौदा नको.

जुनी अर्टिगा किंवा मरीना, कॉम्बी बघत असाल तर वाहन क्रमांक एमपरिवहन ॲपवर टाका: मालक कितवा, कर्ज बाकी आहे का, विमा कधीपर्यंत, थकलेली चलनं किती. चलनं विकणाऱ्याने भरल्याशिवाय पैसे देऊ नका. नावबदलाला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज होतं तर फॉर्म ३५. गाडी महाराष्ट्रातलीच असेल तर नव्याने रोड टॅक्स नाही. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागते, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या, पण वीसच्या आतल्या गाडीच्या फेरनोंदणीला ५,००० रुपये, शिवाय पर्यावरण कर. कॉम्बीसारख्या बंद झालेल्या गाडीचा काच-बंपर मिळतो का, हे सौद्याआधी गॅरेजवाल्याला विचारा. तो हसला तर परत फिरा.

आणि कर्ज फिटल्यावर काम संपत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचं बँकेचं नाव काढून घ्या, विम्याच्या पॉलिसीवरचंही. एनओसीवर मुदत छापलेली असते, सहसा तीन महिन्यांची. ती उलटली तर बँकेत पुन्हा अर्ज, पुन्हा फी.